कारचा एसी थंड करत नाहीये? गॅस भरायच्या आधी हे क्रमाने तपासा

एसीचं कूलिंग कमी झालं की बहुतेक जण एकच करतात, गाडी नेऊन उभी करतात आणि म्हणतात जरा गॅस बघा. समोरचाही गेज (गॅसचं प्रेशर दाखवणारे काटे) न लावताच सांगतो कमी झालाय म्हणून, दहा मिनिटात गॅस मारून देतो, दोन-तीन आठवडे बरं वाटतं आणि मग ये रे माझ्या मागल्या.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद पाइपांमधून तोच तोच फिरत राहतो. रबरी पाइप आणि जोड यांच्यातून वर्षानुवर्षांत थोडासा झिरपतो हे खरं, पण एका उन्हाळ्यात कमी झाला असेल तर कुठेतरी लीक आहे, आणि कमी झालाच नसेल तर वरून टाकलेला जास्तीचा गॅस असलेलं कूलिंग पण घालवतो. म्हणून गॅस शेवटी. आधी हवा, मग कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी), मग हीटर, मग कंप्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप), मग गेज, हा क्रम सोडायचा नाही. मी सोडला होता, दोनदा गॅस भरून घेतला आणि दुखणं निघालं हीटरच्या फ्लॅपचं, तेही एका प्लास्टिकच्या तुटलेल्या दात्यामुळे.

## तयारी

सुरुवातीच्या पायऱ्यांना लागतं फारच थोडं: काडीसारखा दांडा असलेला एक थर्मामीटर (जाळीत खुपसता येईल असा), टॉर्च, मऊ ब्रश, पाण्याचा साधा पाइप. गेज, व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा हे सहाव्या पायरीपासून लागतात, ते घरी नसतील तर तिथून पुढचं काम वर्कशॉपला करून घ्या, पण तोपर्यंतचं स्वतः करा कारण अर्ध्याहून जास्त गोष्टी तिथेच कळतात.

बोनेट उघडून एसीचा स्टिकर शोधा. त्यावर दोन गोष्टी असतात, गॅसचा प्रकार आणि ग्रॅममध्ये वजन. याचा फोटो काढून ठेवा, पुढे लागणार आहे. बऱ्याच गाड्यांत आर-१३४ए असतो, नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ येतो. हा दुसरा थोडाफार पेट घेणारा आहे आणि त्याचे नोझल पण वेगळे असतात, तो स्वतः हाताळायच्या भानगडीत पडू नका.

थांबा: हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर केबिन फिल्टर आणि कंडेन्सरची सफाई एवढंच तुमचं काम. तिथे कंप्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो (नारिंगी रंगाच्या जाड वायरी दिसतील, त्यांना हात लावायचा नाही) आणि त्यात ऑइल पण वेगळं असतं, साध्या गाड्यांच्या कंप्रेसरमधलं नेहमीचं पॅग ऑइल चुकून गेलं तर कंप्रेसरचं इन्सुलेशन खराब होतं.

## १. नेमकं काय होतंय ते आधी पकडा

"थंड करत नाही" एवढ्यावरून काही कळत नाही. कधी करत नाही ते बघा. दोन दिवस गाडी चालवताना लक्ष ठेवा, कारण दोष कुठे आहे हे लक्षणावरूनच बरंचसं उलगडतं.

गाडी पळत असताना मस्त थंड आणि ट्रॅफिकमध्ये उभी राहिली की कोमट, हे कंडेन्सरच्या पंख्याचं किंवा कंडेन्सर चोंदल्याचं लक्षण. सुरुवातीला थंड आणि अर्ध्या-पाऊण तासाने हवाच कमी येते, मग एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवला की थोड्या वेळाने परत येते, तर कूलिंग कॉइलवर (डॅशबोर्डच्या आतली, हवा थंड करणारी) बर्फ धरतोय. हवेचा जोर पहिल्यापासूनच कमी असेल तर फिल्टर. जोर भरपूर आहे पण हवा सतत कोमट, तर मग हीटर, कंप्रेसर किंवा गॅस. आणि एका बाजूच्या जाळीतून थंड, दुसऱ्या बाजूने कमी थंड असं असेल तर गॅस कमी असण्याची शक्यता बरीच, कारण गॅस अपुरा असला की कॉइलचा एकच भाग गार होतो. मात्र ड्रायव्हर आणि शेजारच्याचं तापमान वेगवेगळं ठेवता येतं अशी गाडी असेल तर फ्लॅपवर पण संशय घ्या.

आता आकडा घ्या. गाडी सावलीत, इंजिन गरम झालेलं, काचा बंद, रिसर्क्युलेशन चालू (गाडीत गोल फिरणारा बाण असलेलं बटण), थंडपणा फुल, ब्लोअर मधल्या स्पीडवर. थर्मामीटर मधल्या जाळीत खुपसा, दहा मिनिटं थांबा, आकडा लिहा, बाहेरचं तापमान पण लिहा. धडधाकट एसीमध्ये मधल्या जाळीतून साधारण ५ ते १० अंशांची हवा येते. बाहेर खूप ऊन आणि दमट असेल तर आकडा यापेक्षा वर राहतो, तो बिघाड समजू नका, दमट हवेतलं पाणी काढण्यातच एसीची बरीच ताकद जाते.

हा आकडा लिहिला नाही तर नंतर फरक पडला की नाही हे फक्त मनाचे खेळ.

## २. हवा: फिल्टर आणि ब्लोअर

केबिन फिल्टर बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. काढा, उजेडाकडे धरून बघा. काळाकुट्ट असेल तर धुवायच्या नादी लागू नका, कागदी फिल्टर धुतला की त्याचं काम संपलं, नवाच टाका. बसवताना त्यावरचा बाण हवेच्या दिशेने हवा, उलटा बसवलेले फिल्टर मी मोजायचं सोडून दिलंय.

तपासा: फिल्टर काढलेला असतानाच ब्लोअर फुल करून बघा. फिल्टरशिवाय हवा जोरात आली तर फिल्टरच दोषी. फिल्टर नसतानाही हवा मरतुकडी असेल तर ब्लोअरमध्ये पालापाचोळा अडकलाय किंवा मोटर थकलीये, नाहीतर कॉइलवर धुळीचा थर बसलाय. ज्या गाडीत वर्षानुवर्षं फिल्टरच नव्हता तिथे कॉइलवर अक्षरशः गोधडी चढलेली असते.

रिसर्क्युलेशनचं बटण दाबल्यावर आवाज बदलतो का ते पण ऐका. आवाज बदलला नाही तर फ्लॅप अडकलेला असू शकतो, मग बाहेरची तापलेली हवा सारखी आत येत राहते आणि एसी बिचारा तिलाच थंड करत बसतो.

## ३. कंडेन्सर आणि त्याचा पंखा

रेडिएटरच्या पुढे, ग्रिलच्या मागे जी जाळी दिसते तो कंडेन्सर. केबिनमधली उष्णता इथून बाहेर पडते, ती पडली नाही तर आत काहीही करा, थंड होणार नाही.

इंजिन बंद आणि गार झालेलं असताना टॉर्च मारून बघा. पुढून स्वच्छ दिसला म्हणून सोडू नका, खरी घाण कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत असते, पानं, किडे, चिखल, प्लास्टिकची पिशवी, काहीही. साध्या पाइपने पाणी मारा, जमेल तिथे मागून पुढच्या दिशेने, म्हणजे घाण आली त्याच वाटेने बाहेर जाईल. मऊ ब्रश पात्यांच्या दिशेने फिरवा, आडवा नाही.

थांबा: प्रेशर वॉशर जवळून मारू नका. ती पाती केसासारखी पातळ असतात, एका फटक्यात आडवी होतात, आणि आडवी झाली की हवा जाणं बंद. साफ करायला गेलो आणि कूलिंग आणखी कमी झालं, अशी बहुतेक प्रकरणं इथलीच.

आता पंखा. इंजिन चालू करा, एसी फुल, हात लांब ठेवून बघा. बऱ्याच गाड्यांत एसी लावल्यावर लगेच किंवा मिनिटभरात पंखा फिरायला लागतो, काहींमध्ये प्रेशर वाढल्यावर फिरतो. पाच मिनिटं झाली तरी ढिम्म असेल तर आधी फ्यूज, मग रिले, मग मोटर असं बघत जा. काही गाड्यांत पंख्याला दोन स्पीड असतात आणि हळू स्पीडचा रेझिस्टर जळालेला असतो, मग पंखा एकतर बंद नाहीतर एकदम फुल, मधलं काही नाहीच.

एक सोपी युक्ती: गाडी उभी, एसी चालू, जाळीतल्या थर्मामीटरकडे कुणाला तरी बघायला बसवा आणि पाइपने कंडेन्सरवर थोडं पाणी फवारा. एक-दोन मिनिटात आकडा सपाट्याने खाली आला तर कंडेन्सरची उष्णता नीट बाहेर जात नाहीये, म्हणजे पंखा, घाण, नाहीतर जास्त भरलेला गॅस. काहीच फरक नाही तर पुढे चला.

## ४. हीटरची गरम हवा मिसळतेय का

ही पायरी जवळपास सगळेच गाळतात. डॅशबोर्डच्या आत थंड आणि गरम हवेच्या मध्ये एक फ्लॅप असतो, तो पूर्ण बंद झाला नाही तर थंड कॉइलवरून आलेली हवा हीटरच्या कॉइलवरून पण थोडी जाते आणि जाळीतून कोमट बाहेर येते. एसी अगदी व्यवस्थित चाललेला असतो.

याची टेस्ट फुकट आहे. सकाळी इंजिन एकदम गार असताना गाडी चालू करून लगेच एसी लावा आणि थर्मामीटर बघत बसा. पहिली काही मिनिटं चांगलं थंड आणि जसजसा इंजिनचा काटा वर चढतो तसतशी हवा कोमट होत गेली, तर हीटर गळतोय असं समजा (पाणी नाही, उष्णता). पण त्याच वेळी कंप्रेसर चालूच आहे ना हेही बघायचं, कारण गरम झाल्यावर कंप्रेसर सुटत असेल तरी असंच दिसतं.

तापमानाचं बटण थंडाकडून गरमाकडे आणि परत असं फिरवा. डॅशबोर्डच्या आतून टकटक-टकटक आवाज येत राहिला तर फ्लॅप फिरवणाऱ्या छोट्या मोटरचा दाता तुटलाय. जुन्या गाड्यांत मोटरऐवजी केबल असते, ती नुसती सैल झालेली असते, ओढून बसवली की काम झालं.

## ५. कंप्रेसर आणि बेल्ट

कंप्रेसरच्या पुलीकडे बघा. बाहेरची पुली इंजिनबरोबर कायम फिरते, एसी लावला की खट्ट आवाज होऊन पुढची प्लेट पण फिरायला लागते. प्लेट फिरत नसेल तर क्लचला (ही प्लेट पुलीला जोडणारा भाग) करंट जात नाही किंवा क्लच ओढत नाही. करंट न जाण्याची कारणं ढीगभर: फ्यूज, रिले, गॅस इतका कमी की प्रेशर स्विचने अडवलं, किंवा इंजिन तापतंय म्हणून गाडीनेच एसी तोडला. तेव्हा कूलंट आणि तापमानाचा काटा आधी बघा.

सुरुवातीला लागतो आणि तासाभराने, सगळं तापल्यावर, लागायचा बंद होतो, असा कंप्रेसर बहुतेक वेळा ठीक असतो, क्लचची फट वाढलेली असते. इंजिन बंद करून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) मोजा, साधारण ०.३ ते ०.६ मिमी असायला हवी. जास्त असेल तर आतला पातळ वायसर काढून ती कमी करता येते. हे न बघता अख्खा कंप्रेसर बदलून बसलेले लोक आहेत.

आणि हो, काही नव्या गाड्यांच्या कंप्रेसरला क्लचच नसतो, तो सतत फिरतो आणि आतला व्हॉल्व्ह गरजेप्रमाणे कमी-जास्त पंप करतो. तिथे खट्ट आवाज ऐकायची वाट बघत बसू नका.

थांबा: अडकलेला क्लच चालू इंजिनवर काठीने ठोकून बघणं, किंवा प्रेशर स्विचची वायर शॉर्ट करून कंप्रेसर जबरदस्तीने चालवणं, दोन्ही नको. गॅसबरोबरच ऑइल फिरतं, गॅस नसताना चालवलेला कंप्रेसर कोरडा घासून मरतो आणि त्याचा चुरा सगळ्या पाइपांत पसरतो.

## ६. गेज लावा, आणि दोन्ही काटे एकत्र वाचा

चष्मा आणि हातमोजे घाला. आर-१३४ए उघड्यावर उणे २६ अंशांना उकळतो, बोटावर उडाला तर चामडी गोठते.

गेजचा निळा कप्लर (नोझलवर बसणारं टोक) लो साइडला (कमी दाबाची बाजू, जाड, थंड पाइप), लाल हाय साइडला (जास्त दाबाची बाजू). गेजचे दोन्ही कॉक बंद असताना जोडा. इंजिन काही तास बंद राहून गार झालेलं असेल तर आधी तोच आकडा बघा: ३० अंश तापमानाला दोन्ही काटे साधारण ९५ पीएसआयवर असतील. इथे मोठी चूक होते. हा आकडा बरोबर आला म्हणजे गॅस बरोबर आहे असं नाही! आत थोडासा जरी द्रव गॅस शिल्लक असला तरी प्रेशर तेवढंच दिसतं, मग तो १०० ग्रॅम असो की ५००. आकडा खूप कमी असेल तरच काहीतरी ठाम कळतं, की गॅस जवळपास संपलाय.

आता इंजिन १५०० आरपीएमवर धरा, एसी फुल, ब्लोअर फुल, पाच मिनिटं. बाहेर ३० ते ३५ अंश असेल तर लो साइड साधारण ३० ते ४५ आणि हाय साइड १८० ते २५० पीएसआय.

दोन्ही कमी, तर गॅस कमी, म्हणजे लीक. दोन्ही जास्त, तर गॅस जास्त भरलाय, किंवा आत हवा शिरलीये, किंवा कंडेन्सरला वारा मिळत नाहीये (तिसरी पायरी नीट केली होती ना?). लो साइड जास्त आणि हाय साइड कमी, काटे एकमेकांकडे सरकलेले, तर कंप्रेसर पंप करत नाहीये. लो साइड खूपच कमी, शून्याच्या खाली सुद्धा, तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलच्या तोंडाशी गॅसचं प्रेशर उतरवणारा) किंवा ड्रायरमध्ये (गॅसमधला ओलावा शोषणारा) अडथळा. आणि सुरुवातीला आकडे बरोबर, मग थोड्या वेळाने लो साइड खाली कोसळते, गाडी बंद ठेवून परत चालू केली की पुन्हा बरोबर, तर आत ओलावा आहे, तो व्हॉल्व्हच्या तोंडाशी बर्फ होऊन बसतो.

एकाच काट्यावर निदान करणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका. गॅसच्या छोट्या डब्याबरोबर येणारा तो एक-काट्याचा गेज याच कारणाने फसवतो: लो साइड कमी दिसली की डब्यावर लिहिलंय गॅस टाका, आणि प्रत्यक्षात असतो अडथळा.

## ७. गॅस काढून वजन करा, मग लीक शोधा

गेज बघून गॅसवर संशय आला तर असलेला गॅस रिकव्हरी मशीनने काढून घ्या. हवेत सोडू नका, तो वातावरण तापवतो आणि बऱ्याच देशांत तसं सोडणं बेकायदेशीर आहे. मशीन किती ग्रॅम निघाला ते दाखवतं. स्टिकरवर समजा ४५० आहे आणि निघाला २००, तर लीक नक्की. निघाला ४५०, तर गॅस कधीच कमी नव्हता, पाचव्या-सहाव्या पायरीवर परत जा. ६०० निघाला तर आधी कुणीतरी अंदाजाने भरून ठेवलाय. हे मशीन जिथे असेल तिथेच काम करून घ्या आणि आकडा स्वतः डोळ्याने बघा.

लीक शोधताना तेलाचे डाग बघा. गॅस निसटतो तिथे थोडं ऑइल पण येतं आणि त्यावर धूळ चिकटून काळा ओलसर डाग पडतो. पाइपांचे जोड, कंडेन्सरचा खालचा भाग (दगड तिथेच लागतात), कंप्रेसरच्या शाफ्टचं सील, आणि सगळे विसरतात ते गेज लावायच्या नोझलमधले बारीक व्हॉल्व्ह. मेकॅनिककडून नायट्रोजन भरून साबणाचं पाणी लावलं तर बारीक लीक पण बुडबुडे काढते. डॅशबोर्डच्या आतली कॉइल डोळ्याला दिसत नाही, तिथे लीक डिटेक्टर पाणी टपकतं त्या नळीच्या तोंडाशी धरायचा.

थांबा: लीक बंद करणारं जे द्रव डब्यातून मिळतं ते टाकू नका, तो चिकट माल व्हॉल्व्हमध्ये आणि रिकव्हरी मशीनमध्ये बसतो. स्वयंपाकाचा गॅस भरणारे महाभाग पण असतात, केबिनमध्ये लीक झाला तर पेट घ्यायला एक ठिणगी पुरे.

जोड उघडला की ओ-रिंग (जोडातली रबरी कडी) नवी, तीही एसीच्या गॅससाठी असलेली, त्याच ऑइलचं बोट लावून. पाइप उघडे ठेवून जेवायला जायचं नाही, लगेच बूच लावा, पॅग ऑइल हवेतलं पाणी स्पंजासारखं ओढतं. सिस्टीम बराच वेळ उघडी राहिली असेल किंवा कंप्रेसर बदलला असेल तर ड्रायर पण बदला.

## ८. व्हॅक्यूम, आणि घाई नको

लीक दुरुस्त झाल्यावर पंप लावून किमान ३० मिनिटं, ओलावा असेल तर तास-दीड तास. हवा तर पहिल्या काही मिनिटांतच निघते, उरलेला वेळ पाण्यासाठी असतो, व्हॅक्यूममध्ये पाणी साध्या तापमानालाच उकळून वाफ होऊन बाहेर पडतं. म्हणून पाच मिनिटांचा व्हॅक्यूम म्हणजे नुसता दिखावा.

काटा समुद्रसपाटीच्या जवळ २९ इंचांच्या (पाऱ्याच्या) आसपास जायला हवा, उंचावरच्या गावात दर ३०० मीटरला जवळपास १ इंच कमी दिसतो, ते साहजिक आहे.

तपासा: कॉक बंद करा, पंप बंद करा, २० मिनिटं थांबा. काटा हलला नाही तर पुढे. सरळ शून्याकडे चालला तर लीक अजून आहे. थोडा सरकून थांबला तर पाणी शिल्लक आहे, परत पंप लावा.

## ९. गॅस, वजन करूनच

सिलिंडर काट्यावर उभा ठेवा, नळीतली हवा आधी काढा, काटा शून्य करा. इंजिन बंद असतानाच लो साइडचा कॉक उघडा, व्हॅक्यूम बराचसा गॅस आपणहून ओढतो. ओढणं थांबलं की इंजिन आणि एसी चालू करून उरलेला लो साइडने हळूहळू, सिलिंडर उभाच ठेवून. उलटा केला तर द्रव कंप्रेसरमध्ये जातो आणि द्रव दाबला जात नाही, आतलं काहीतरी तुटतं. सिलिंडर गार पडून गॅस यायचा मंदावला तर कोमट पाण्यात ठेवा, ज्योत कधीच नाही.

थांबा: इंजिन चालू असताना लाल कॉक उघडायचा नाही. हाय साइडचं प्रेशर उलटं सिलिंडरमध्ये घुसतं आणि छोटा डबा फुटू शकतो.

स्टिकरवरचं वजन झालं की थांबा. "काचेतले बुडबुडे गेले की बास" (काही गाड्यांत गॅस दिसायला पाइपावर छोटी काच असते) हा जुन्या आर-१२ गॅसच्या काळातला हिशोब आहे, आर-१३४एमध्ये वजन बरोबर असताना पण बुडबुडे दिसू शकतात, ते घालवायच्या नादात हमखास जास्त भरला जातो. छोट्या गाडीत ५० ग्रॅम इकडे-तिकडे झाले तरी फरक जाणवतो.

नोझलची बुचं परत लावा, नुसती धुळीसाठी नसतात ती, गॅस अडवणारं दुसरं सील असतं. मग पहिल्या पायरीसारखंच गाडी सावलीत, तेच बटण, तोच स्पीड, दहा मिनिटं, आणि नवा आकडा जुन्याच्या शेजारी लिहा. तो कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा, खाली तारीख आणि किती ग्रॅम भरला ते. महिन्याभराने परत एकदा मोजा, आकडा २-३ अंशांनी चढला असेल तर एखादी लीक राहिलीये, सातव्या पायरीवर परत.